खिडक्यांच्या चौकटी: लाकूड, अ‍ॅल्युमिनियम की यूपीव्हीसी?

घराचं काम काढलंय म्हटलं की सगळे टाइल्स आणि किचनचं विचारतात, खिडक्यांचं कोणीच विचारत नाही. आमच्याकडे मात्र सगळ्यात जास्त वाजलं ते खिडक्यांवरूनच. बाबांचं म्हणणं लाकूडच ठेवा, दादाला अ‍ॅल्युमिनियम पाहिजे, आईला जे पुसायला सोपं ते, आणि ज्या फॅब्रिकेटरला विचारावं तो स्वतः जे बनवतो तेच कसं भारी ते ऐकवतो. शेवटी म्हटलं आपणच जरा खोलात शिरू, आणि आता एवढं कळलंय की 'कुठलं मटेरियल चांगलं' हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या खिडकीला काय सोसायचंय हे आधी बघायला हवं.

सुरुवात उन्हापासून करू. अ‍ॅल्युमिनियम उष्णता फार पटकन वाहून नेतं, पीव्हीसी प्लॅस्टिकच्या साधारण हजार पट. भर दुपारी पश्चिमेच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला आतून हात लावून बघा, लगेच समजतं. थंड जागी याचंच उलटं होतं, चौकट आतून गार पडते आणि घरातल्या दमट हवेचं पाणी तिच्यावर जमतं, मग कोपऱ्यात काळी बुरशी. यावर उपाय म्हणजे थर्मल ब्रेक, म्हणजे बाहेरचं आणि आतलं अ‍ॅल्युमिनियम वेगळं ठेवून मध्ये पॉलिअमाइडची, म्हणजे नायलॉनसारख्या प्लॅस्टिकची पट्टी घालतात. चांगला प्रकार आहे पण महाग पडतो. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, खिडकीत चौकटीपेक्षा काच कितीतरी जास्त असते, त्यामुळे साध्या काचेतून ऊन थेट आत येत असेल तर नुसत्या भारी चौकटीने खोली काही गार होणार नाही, त्याला बाहेरून छज्जा नाहीतर काचच वेगळी पाहिजे.

यूपीव्हीसी. यातला 'यू' म्हणजे मऊ करणारं केमिकल न घातलेलं पीव्हीसी, म्हणून ते कडक असतं. पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, रंग द्यायला नको. आईचं मत इथेच ठरलं. पण बाहेरून सगळी प्रोफाइल, म्हणजे चौकट ज्यापासून बनते त्या पोकळ पट्ट्या, सारखीच पांढरी आणि गुळगुळीत दिसतात, म्हणून मी कापलेला तुकडा मागायला लागले. दोन दुकानांतले तुकडे शेजारी शेजारी ठेवले तर फरक उघड दिसत होता, एकाची भिंत जाड, आत तीन-चार कप्पे आणि मधल्या कप्प्यात गॅल्व्हनाइज्ड स्टीलची पट्टी, दुसऱ्याची भिंत अंगठ्याने दाबली तर किंचित दबत होती आणि मधला कप्पा मोकळाच, म्हणे 'एवढ्या छोट्या खिडकीला स्टील कशाला'. छोट्या खिडकीला कदाचित चालेलही, पण मोठ्या शटरला, म्हणजे काचेसकट उघडणाऱ्या भागाला, स्टील नसेल तर काचेच्या वजनाने आणि वाऱ्याने ते वाकणारच. युरोपियन स्टँडर्डमध्ये 'ए' क्लासच्या प्रोफाइलची दिसणारी भिंत कमीत कमी २.८ मिमी धरतात, 'बी' क्लासला २.५. एवढा आकडा डोक्यात ठेवला तरी दुकानात बोलायला बळ येतं.

आणि यूपीव्हीसी उन्हात चांगलंच वाढतं बरं का. २ मीटर लांबीच्या प्रोफाइलचं तापमान ३० अंशांनी वाढलं तर लांबी साधारण ४ मिमी वाढते, तेवढ्याच अ‍ॅल्युमिनियमची दीड मिमीच्या आत. म्हणून भिंत आणि चौकट यांच्यात फट मुद्दाम ठेवावी लागते, आणि म्हणूनच गडद रंगाचं यूपीव्हीसी कडक उन्हाच्या बाजूला घेताना दहादा विचार करावा, गडद रंग ऊन जास्त शोषतो, प्रोफाइल कमानीसारखं वाकतं आणि मग लॉक बसत नाही. दादाला काळ्या खिडक्या हव्या होत्या, तो वाद इथे मिटला. म्हणजे काळ्या मिळाल्या त्याला, पण अ‍ॅल्युमिनियममध्ये.

अ‍ॅल्युमिनियमचं खरं बळ म्हणजे बारीक चौकट. तेवढीच ताकद यूपीव्हीसीत पाहिजे तर प्रोफाइल जाडजूड होतं आणि छोट्या खिडकीत तर काच कमी, पांढरं प्लॅस्टिकच जास्त दिसतं. इथे बघायचं ते सेक्शनच्या, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीच्या, भिंतीची जाडी आणि वरचं कोटिंग. पावडर कोटिंग (पुडीचा रंग भट्टीत पक्का केलेला) सरासरी ६० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.०६ मिमीच्या, खाली नको, अ‍ॅनोडायझिंग (धातूवरच विजेने तयार केलेला कडक थर) असेल तर बाहेरच्या खिडकीला १५ ते २५ मायक्रॉन. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्क्रूसुद्धा चांगल्या स्टेनलेस स्टीलचे मागावेत, साधा स्क्रू आधी गंजतो आणि आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियमही खराब करतो. आणि प्लास्टरचं काम चालू असताना नव्या चौकटी उघड्या ठेवू नका, ओलं सिमेंट अल्कलाइन असतं, अ‍ॅल्युमिनियमवर उडालं आणि वाळलं की डाग कायमचा.

आता लाकूड. बाबांची बाजू मी आधी हसण्यावारी नेत होते पण त्यांच्या बोलण्यात दम आहे. लाकूड उन्हाने जवळपास वाढतच नाही, उष्णता कमी वाहतं आणि मुख्य म्हणजे ते दुरुस्त होतं. खालचा आडवा तुकडा कुजला तर सुतार तेवढाच कापून नवा जोडतो. यूपीव्हीसीचे कोपरे गरम करून एकमेकांत वितळवून जोडलेले असतात, तिथे तडा गेला की सहसा अख्खं शटरच बदलावं लागतं. पण लाकूड ओलावा पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, म्हणून पावसाळी हवेत झडप अडकते आणि कोरड्या दिवसांत फटी पडतात. वाळवीचं तर बोलायलाच नको. दर थोड्या वर्षांनी घासून पॉलिश किंवा रंग करणार कोण, या प्रश्नावर घरात एकदम शांतता पसरली होती.

लोखंडी खिडक्या आम्ही लगेच बाद केल्या. दिसतात सुंदर, सगळ्यात बारीक चौकट त्यांचीच, पण एकदा का रंगाखाली गंज शिरला की तो काढत बसायची आमच्यापैकी कोणाचीच तयारी नाही.

आवाजासाठी खिडक्या बदलणार असाल तर एक ऐका, मटेरियलपेक्षा खिडकी उघडते कशी याने जास्त फरक पडतो. स्लायडिंगमध्ये शटर सरकायला जागा लागते, तिथे फक्त ब्रश असतो, त्यातून हवा येते म्हणजे आवाजही येतो. बाहेर किंवा आत उघडणारी झडप बंद करताना रबराच्या गॅस्केटवर चारही बाजूंनी दाबली जाते. शिवाय स्लायडिंग कितीही उघडली तरी दोन ट्रॅकमध्ये अर्धीच खिडकी मोकळी होते. जागा अडचणीची असेल तर स्लायडिंगला इलाज नाही, नाहीतर मी झडपच घेईन.

फिटिंगच्या दिवशी मी स्वतः उभी राहणार आहे. चौकट ओळंब्यात आहे का, भिंतीजवळची फट फोमने भरून बाहेरून सिलिकॉन नीट मारलंय का, आणि ते न्यूट्रल आहे ना, कारण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला आणि सिमेंटला चालत नाही. खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं मोकळी आहेत का तेही बघायचं, बरेच जण हौसेने तीच सिलिकॉनने बुजवतात आणि मग पाणी घरात आलं की दोष मटेरियलला. प्रोफाइलवरची प्लॅस्टिकची फिल्म काम झालं की लगेच सोलून टाकायची, उन्हात महिनोन्महिने राहिली तर तिचा गोंद असा चिकटतो की ती तुकड्या-तुकड्यानेच निघते.

तर आमचं ठरलंय असं: बाथरूम आणि किचनला पांढरं यूपीव्हीसी, हॉलच्या मोठ्या पश्चिमेच्या खिडकीला थर्मल ब्रेकवालं अ‍ॅल्युमिनियम, आणि बाबांच्या खोलीतली जुनी लाकडी चौकट तशीच ठेवून फक्त झडपा नव्या करायच्या, तिच्यावर छज्जा खोल आहे, ऊनपाऊस थेट लागत नाही. सगळ्या खिडक्या एकसारख्या दिसणार नाहीत म्हणून दादा थोडा खट्टू आहे. पॉलिशचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय, तसं त्यांच्याकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलंय.