आईची स्मृतिचाचणी आणि 'फ'चे शब्द

आईच्या फाइलवर आधी 30 पैकी 17 असा आकडा आहे आणि त्याखाली सहा आठवड्यांनंतरचा 23. मधल्या काळात एकही औषध बदललेलं नव्हतं. सरावाचे एक-दोन गुण वजा केले तरी उरलेला फरक आईचा नाही, चाचणी घेणाऱ्यांचा आहे.

मेमरी क्लिनिकची वेळ मिळणं, केसपेपर, रांग हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते मोका नावाच्या 30 गुणांच्या स्मृतिचाचणीपाशी. जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं काम. कागद इंग्रजी, घेणारी मुलगी शिकाऊ, टेबल ओपीडीच्या दाराशी. दर मिनिटाला बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. आई व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. वय 78, ऐकू कमी येतं.

लक्षात ठेवायचे पाच शब्द त्या मुलीने इंग्रजीतून जागच्या जागी मराठीत आणले. त्यातले दोन आईने उभ्या जन्मात वापरले नसतील. जो शब्द नीट ऐकूच आला नाही, तो पाच मिनिटांनी आठवायचा कसा?

मग मिनिटभरात एका अक्षरावरून सुचतील तेवढे शब्द. इंग्रजी कागदावर 'एफ' आहे, म्हणून इथे 'फ'. गुण मिळायला 11 शब्द लागतात. फणस, फुगडी, फोडणी, फराळ, फडकं... तुम्हीच घड्याळ लावून बघा. 'क' किंवा 'प' दिला असता तर आईने विसाच्या वर नेले असते.

शंभरातून सात-सात वजा करताना आई म्हणाली, 'त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी.' इंग्रजी माध्यमातल्या त्या मुलीने एकोणऐंशी म्हणजे 89 धरलं आणि चूक मांडली. मी मध्ये बोललो तर मलाच गप्प बसवलं. (नियम म्हणून ते बरोबरच आहे, नातेवाइकाने बोलायचं नसतं. आकडा लिहिणाऱ्याला मराठी अंक मात्र यायला हवेत.) महिना विचारल्यावर आईने 'श्रावण' सांगितलं. 'आणि इंग्रजी महिना कोणता?' एवढं पुढे विचारलं असतं तर तिने ऑगस्ट सांगितला असता. शून्य. शिक्षण 12 वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एकूण गुणांत एक वाढवायचा, ही सूचना त्याच चाचणीत आहे. तोही राहिला.

या 17 वर डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरच्या गोळीची, 5 मिलिग्रॅमची चिठ्ठी तयार झाली. ती गोळी नाडी मंद करू शकते, म्हणून आधी ईसीजी काढून बघणं बरं. तो कुणी सांगितला नाही. पुन्हा चाचणी मागितली तर खिडकीवर उत्तर ठरलेलं: 'एकदा झाली की सहा महिन्यांनी.' तीन खेपा झाल्या. शेवटी लेखी अर्ज दिला आणि त्यात चारच मुद्दे लिहिले: भाषा, श्रवणयंत्र नव्हतं, शिक्षणाचा गुण, अंक ऐकण्यातली चूक. अर्ज डॉक्टरांपर्यंत पोहोचला आणि आठवड्यात वेळ मिळाली. तोंडी तक्रारीला तिथे किंमत नाही.

दुसऱ्या वेळी मराठी कागद होता, प्रशिक्षण घेतलेली मराठी मानसशास्त्रज्ञ होती आणि खोलीचं दार बंद होतं. मोकाच्या पर्यायी आवृत्त्या असतात. थोड्या दिवसांत पुन्हा चाचणी असेल तर वेगळी आवृत्ती मागा. घरी तालीम अजिबात करून घेऊ नका, आकडा फुगतो आणि खरा दोष झाकला जातो. 26 किंवा वर म्हणजे ठीक, ही रेषाही दगडावरची नाही. कमी शिकलेल्यांसाठी ती खाली धरावी लागते.

हे आधी सांगायला हवं होतं: कानातला मळ आधी काढून घ्या, श्रवणयंत्राचे सेल नवे घाला, वाचायचा चष्मा बरोबर न्या. वेळ सकाळची घ्या, रात्रीची झोपेची गोळी घेतली असेल तर तसं सांगा.

रक्ततपासणी दुसऱ्या खेपेला झाली, ती खरं तर पहिल्यालाच हवी: बी12, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). आईचं बी12 आलं 140, म्हणजे कमी. शाकाहार, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं रिकाम्या पोटी ॲसिडिटीची पँटोप्राझोल, अशी बी12 घटवणारी तिन्ही कारणं एकत्र. इंजेक्शन सुरू करण्याआधीच रक्त द्या, नंतरच्या आकड्यावरून काही कळत नाही. बायोटिन असलेल्या गोळ्या चालू असतील तर प्रयोगशाळेला सांगा, थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो.

औषधांची यादी नव्हे, पिशवीच न्या. आईच्या पिशवीत सर्दीची क्लोरफेनिरामिन आणि शेजारणीने सुचवलेली झोपेची अल्प्राझोलाम निघाली. दोन्ही म्हातारपणी डोकं मंद करतात. अल्प्राझोलाम मात्र एकदम तोडायची नाही, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची.

घरच्यांचं म्हणणं आईसमोर सांगू नका, वेगळी पाच मिनिटं मागा. 'विसरते' या शब्दाचा उपयोग नाही. 'दूधवाल्याचा हिशेब मार्चपासून जमत नाही, गॅस दोनदा चालू राहिला' असं तारखेसह लिहून न्या. गोंधळ दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झाला असेल तर मेमरी क्लिनिकची वाट बघू नका. लघवीचा संसर्ग किंवा सोडियम घसरणं असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आईला सध्या सौम्य स्मृतिदोष म्हटलंय, डोनेपेझिल नाही. बी12 आणि श्रवणयंत्र चालू आहे, पुढची चाचणी फेब्रुवारीत. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मी त्याच दिवशी मागून घेतली, नुसता एकूण आकडा नाही.