तीस दिवस कुठून मोजायचे?

कोर्टाचा बेलिफ दारात आला तो शुक्रवार होता. हातात दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची नोटीस. मोडलेल्या भागीदारीतल्या पैशांसाठी माझ्यावर दावा झाला होता, मी हजर नाही म्हणून तो एकतर्फी चालला आणि सात महिन्यांपूर्वी हुकूमनामाही (डिक्री) झाला होता. मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, परत आलं, मग वर्तमानपत्रात जाहीर समन्स छापलं गेलं. ते पान कोण वाचतं?

त्यानंतरची चूक मात्र माझीच. हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज त्याच्या प्रमाणित नकलेशिवाय होत नाही आणि नकलेला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, असं एका ओळखीच्याने छातीठोकपणे सांगितलं. नक्कल अर्ज टाकून मी निवांत. सव्विसाव्या दिवशी, बुधवारी, नक्कल घेऊन वकिलांकडे गेलो तर त्यांनी कपाळाला हात लावला. अशी वजावट अपिलाला मिळते, पुनर्विलोकनाला मिळते. मुदत कायदा, 1963 च्या कलम 12 मध्ये एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाला ती दिलेलीच नाही.

“म्हणजे मुदत गेली?”

“अजून नाही. पण नकलेपायी घालवली असती तुम्ही.”

मग त्यांनी अनुच्छेद 123 काढून दाखवला. मुदत तीस दिवस, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून. खाली स्पष्टीकरण: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5 नियम 20 खालची पर्यायी बजावणी, म्हणजे माझं ते वर्तमानपत्रातलं समन्स, यासाठी रीतसर बजावणी समजायची नाही. सात महिन्यांचं ओझं त्या एका वाक्याने उतरलं.

माहितीचा दिवस सोडून मोजलं तर तिसावा दिवस रविवारी येत होता. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, हेही कायद्यात आहे. पण वकीलसाहेब ऐकेनात. शुक्रवारीच आदेश 9 नियम 13 चा, म्हणजे हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज शपथपत्रासह गेला. मला आधीपासून माहिती होती असं समोरच्याने दाखवलंच तर हाताशी असावा म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज, आणि स्थगितीचा वेगळा, कारण नुसत्या अर्जाने दरखास्त थांबत नाही. अपिलाचाही रस्ता होता, पण त्याचा निकाल लागला की, अपील मागे घेतलं नसेल तर, हा अर्ज चालत नाही.

पुढे खरी लढाई झाली ती ‘माहिती’ या एका शब्दावर. बजावणीत नुसती अनियमितता असून भागत नाही; सुनावणीची तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असं कोर्टाला पटलं तर हुकूमनामा कायम राहतो. म्हणून उलटतपासात जुन्या घरी कोण राहतं, टपाल कोण घेतं, दोघांचे समाईक मित्र कोण, असं तासभर चाललं. नवीन घराचा भाडेकरार, वीजबिलं आणि परत आलेल्या पाकिटावरचा ‘पत्ता सोडून गेले’ हा शेरा, एवढंच माझ्याकडे होतं. ते पुरलं.

अर्ज मंजूर झाला, समोरच्याला खर्च देण्याच्या अटीवर. दावा पुन्हा पटलावर आला आणि कैफियतीची, म्हणजे माझ्या लेखी उत्तराची तारीख पडली. वकीलसाहेबांनी विचारलं, कागद कधी आणता? पिशवी घेऊनच गेलो होतो.