प्रकाशसंश्लेषण जमलं, स्पिरिट मिळता मिळेना

लेकीच्या सातवीच्या प्रोजेक्टसाठी पानात उन्हामुळे पिष्ट तयार होतं, हे करून दाखवायचं होतं. मनीप्लांटची कुंडी दोन दिवस अंधारात, मग एका पानाला दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून दिवसभर गच्चीत. इथवर काही त्रास नाही.

पुढे पुस्तक एका वाक्यात सांगून मोकळं होतं, की स्पिरिटने पानातलं हरितद्रव्य काढा. अहो, पण स्पिरिट आणायचं कुठून? एका मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली. दुसरा म्हणाला, "सॅनिटायझर न्या ना, सेमच आहे." (सेम कसलं, जेल होतं ते.) तिसऱ्याने तर मला नखशिखांत न्याहाळलं, जणू मी तिथेच बूच उघडणार. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात शाळेच्या लेटरहेडवर शिक्क्याचं पत्र हवं. शाळेत गेले, तर "मुख्याध्यापक मीटिंगमध्ये आहेत. त्यापेक्षा चार्ट करा की, छान दिसतो!"

चार्ट! बाण काढून 'साखर' आणि 'ऑक्सिजन' लिहिलं की झालं विज्ञान. बरं, त्या चार्टांवर ऑक्सिजनचा बाण बहुतेकदा कार्बन डायऑक्साइडमधून निघतो. प्रत्यक्षात तो सुटतो पाण्यातून. रूबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्येच जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच थोडा वजनदार प्रकार, ज्याचा माग काढता येतो) वापरून ते दाखवलंय.

शेवटी आमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने छोट्या बाटलीत स्पिरिट ओतून दिलं, वर पैसेही घेतले नाहीत. तुम्ही सरळ तिथेच जा.

स्पिरिटचं भांडं गॅसवर मुळीच ठेवायचं नाही, भडका उडतो. पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि त्या पाण्यात पान बुडवलेला स्पिरिटचा ग्लास ठेवायचा. स्पिरिट ७८ अंशांनाच उकळतं, म्हणून तेवढं गरम पाणी पुरतं. खिडक्या उघड्या हव्यात. त्याआधी पान साध्या पाण्यात मिनिटभर उकळून घ्या, हे राहिलंच सांगायचं. बघता बघता स्पिरिट हिरवं झालं आणि पान पांढुरकं, पापडासारखं कडक. कोमट पाण्यात बुडवून मऊ केलं, वर आयोडीनचे थेंब टाकले; पिष्ट असेल तिथे ते निळं-काळं होतं. उघडा भाग निळा-काळा, पट्टीखालचा नुसता पिवळट तपकिरी. अशी सरळ कड, की लेक ओरडलीच.

कुंडी अंधारात का? दिवसा साठवलेलं पिष्ट झाड रात्री वापरून टाकतं; ते आधी संपलं नाही तर पट्टीखालीही काळंच दिसेल. आणि प्रयोगाला कांद्याची पात घेऊ नका. ती पिष्ट न साठवता साखरच ठेवते, आयोडीन फुकट जाईल.