बेसचा फ्रेटबोर्ड मेपलचा की काळ्या लाकडाचा? माझा अनुभव, कुडाळहून

बेस गिटार घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला लाकडाचाच मिळतो, म्हणजे बोटं जिथे दाबतो त्या पट्टीच्या, फ्रेटबोर्डच्या लाकडाचा. मेपल ब्राइट वाजतं, रोजवूड वॉर्म वाजतं, एबनी भारी पण महाग, कोणालाही विचारा हेच ऐकवणार. मी कुडाळला राहतो, गणपतीत आणि जत्रांच्या सीझनला ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, आणि आहे तो बेस ठेवायचा की मेपलवाला घ्यायचा यावर बरेच महिने अडकलो होतो. यूट्यूबवर बघून काही कळेना, कारण तिकडे तारा वेगळ्या, अँप वेगळा, वाजवणाऱ्याचा हात वेगळा, मग फरक लाकडाचा कशावरून? म्हटलं आपणच बघूया.

माझा बेस फेंडर कंपनीच्या जॅझ बेस पद्धतीचा, बोर्ड इंडियन लॉरेलचा, रोजवूडच्या जागी वापरतात त्या गडद लाकडाचा. सावंतवाडीच्या मित्राकडे त्याच कंपनीचं तेच मॉडेल, फक्त मेपल बोर्डवालं. तो देतो म्हणाला, वर 'पावसात भिजवू नको' असं बजावून दिला. दोन्हीवर एकाच कंपनीच्या नव्या राउंडवाउंड तारा (गोल तारेचा वेढा असलेल्या, खरबरीत) चढवल्या, ४५ ते १०५ जाडीचा सेट. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे बोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तारांची उंची सारखी केली, आवाज पकडणाऱ्या पिकअपची उंचीही पट्टी लावून जुळवली. या पिकअपच्या उंचीकडे लोक लक्ष देत नाहीत, पण एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी आवाज लगेच बदलतो. मग अँप मध्ये न घेता सरळ इंटरफेसमधून (गिटार लॅपटॉपला जोडायचा डबा) लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं, टोनचा नॉब पूर्ण उघडा, तोच रिफ, तीच बोटं.

आमच्या ड्रमरला आणि कीबोर्डवाल्याला पाठ करून बसवलं आणि क्लिप उलटसुलट लावल्या. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढंच बरोबर आलं असतं. खरी गंमत पुढे आहे. मी मेपलच्या बेसवर मुद्दाम जुन्या, मळलेल्या तारा टाकून परत वाजवलं, तर दोघंही एका सुरात म्हणाले, "हा रोजवूडवाला, गोल वाजतोय बघ." विषय संपला की हो!

आणि विचार केला तर यात नवल काही नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, ते फक्त वरच्या लोखंडी तारेची हालचाल बघतं. शिवाय फ्रेटवाल्या बेसवर तार दाबली की ती टेकते धातूच्या फ्रेटवर, लाकडावर नाही. लाकडाचा परिणाम होतो तो आडून, म्हणजे नेक, गिटारचा लांब दांडा, किती ताठ आणि किती जड, तारेची ताकद कुठे शोषून घेते, असा. तो ऐकायचा असेल तर सगळ्यात बारीक, जी (G) सुराच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एकेक सूर धरून बघा, बऱ्याच बेसवर तिथे एखादा सूर पटकन मरतो, त्याला डेड स्पॉट म्हणतात. माझ्यावर होता, मित्राच्यावरही होता, फक्त एक फ्रेट पुढे. आमच्या सुतार मेस्त्रींकडचा छोटा शिकंजा फडकं गुंडाळून हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या टोकाला लावला, तर माझा मेलेला सूर जिवंत झाला आणि त्याच्या शेजारचा मेला! म्हणजे प्रश्न अख्ख्या नेकच्या वजनाचा, वरच्या पाचसहा मिलिमीटरच्या पट्टीचा एकटीचा नाहीच. अँपशिवाय कानाजवळ धरून वाजवलं तर मेपल जरा टणक वाटलं हे कबूल, पण स्टेजवर कोण कान लावून बसतंय.

या मेस्त्रींची एक गोष्ट. ते शिकंजा द्यायला घरी आले, बोर्डवरून अंगठा फिरवला, थोडा वास घेतला आणि म्हणाले, "ह्यां ऐनाचां लाकूड, झिला. तुमच्या माजघराचे वासे ह्येचेच आसत." खरंच आहे ते, इंडियन लॉरेल म्हणजे टर्मिनालिया इलिप्टिका, आपला ऐन, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, रानात कुठेही दिसणारा. आणि इंडियन रोजवूड म्हणजे शिसव, आजीचं कपाट ज्याचं असतं तेच. हे ऐनाचं लाकूड बेसवर आलं कसं, तर २ जानेवारी २०१७ पासून साइट्स करारात (धोक्यातल्या झाडाप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) डाल्बर्जिया गटातली सगळी झाडं आली, शिसवसुद्धा, आणि गिटार देशाबाहेर पाठवायची तर कागदपत्रांचा ताप झाला. मग कंपन्या पाऊ फेरो (दक्षिण अमेरिकेतलं लाकूड) आणि लॉरेलकडे वळल्या. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली पण स्वस्त मॉडेलवर लॉरेल राहिलं ते राहिलंच. आणि हे 'ओरिजिनल'वाले वाद घालतात त्यांच्यासाठी, फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला तो मेपलच्या एकसंध नेकचाच, रोजवूडचा बोर्ड त्यावर १९५९ मध्ये आला.

आवाजाचं असं, पण हाताचं आणि हवेचं वेगळं, आणि आपल्याकडे तेच महत्त्वाचं. मेपल मळतं म्हणून त्यावर लॅकर असतो, काळं लाकूड बहुतेक उघडंच असतं. जून लागला की चकचकीत लॅकरवर घामाने अंगठा अडकतो, पण कार्यक्रम झाल्यावर ओलसर फडकं मारलं की काम झालं. उघड्या लाकडावर हात छान सरकतो, पण फ्रेटच्या कडेला मळ बसतो, आणि श्रावणात केस आठवडाभर बंद राहिली तर बोर्डवर पांढरी बुरशी, चामड्याच्या पट्ट्यावर येते तशीच. मऊ ब्रशने काढायची, फ्रेटबोर्डसाठीचं लेमन ऑइल दोन थेंब लावून लगेच पुसायचं. घरचे सगळे खोबरेल लावायला सांगणार, अजिबात लावू नका, खवट होतं आणि चिकटतं. लॅकरवाल्या मेपलला कसलंच तेल नको. मात्र लॅकर एकदा घासून गेला की आत गेलेला काळपटपणा निघत नाही, काही लोकांना तोच आवडतो, मला नाही. नेक मात्र दोन्हीचा हलतो, पावसाळा सुरू होताना आणि संपताना ट्रस रॉडला (नेकच्या आतली, ती सरळ ठेवणारी सळी) पाव फेरा, जास्त जोर नाही. आणि फोंडा घाट चढून उन्हाळ्यात कोल्हापूरला कार्यक्रमाला गेलात तर कोरड्या हवेत लाकूड आकसून फ्रेटची टोकं हाताला लागतात, ते लाकडाच्या जातीपेक्षा लाकूड किती सुकवलेलं आहे त्यावर.

शेवटी मी मित्राचा मेपलवालाच विकत घेतला. आवाजासाठी नाही, मांडवात घामाने निथळत वाजवून झाल्यावर पुसून ठेवता येतो म्हणून.

आणि लॉरेलवाला विकवेना, म्हणून त्याचे फ्रेट काढून फ्रेटलेस केला. इथे मात्र लाकूड बोलतं, कारण तार थेट लाकडाला लागते. फ्रेट काढायच्या आधी सोल्डरिंगच्या गनने एकेक तापवला, नाहीतर कडेचे कपचे उडतात. खाचांत मेस्त्रींनी फणसाच्या पातळ पिवळ्या पट्ट्या बसवल्या, त्यामुळे काळ्या बोर्डवर खुणा लांबूनही दिसतात. राउंडवाउंड तारा उघडं लाकूड करवतीसारखं खातात म्हणून फ्रेटलेस बेससाठी गाजलेल्या अमेरिकन वादक जॅको पास्टोरियसने त्याच्या १९६२ च्या जॅझ बेसच्या बोर्डवर बोटीला लावतात तसलं इपॉक्सी चढवलं होतं. मालवणला बोटींचं सामान मिळतंच, पण बघून घ्या, फायबरच्या होड्यांना सर्रास वापरतात ते बहुतेक पॉलिएस्टर रेझिन असतं, ते वेगळं. मी अजून काही चढवलेलं नाही, सध्या फ्लॅटवाउंड तारा (चपट्या वेढ्याच्या, गुळगुळीत) लावल्यात. सूर मऊ आणि छोटा येतो, भजनाला मस्त, ऑर्केस्ट्रात दबतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की इपॉक्सी लावणार, पावसाळ्यात ते काम काढायचं नाही, ओल्या हवेत वर पांढुरका थर येऊ शकतो.