फाडून बघा

गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत आमच्या सोसायटीच्या गेटपाशी कचरा न्यायला येणाऱ्या ताई सुका कचरा निवडत बसल्या होत्या. शेजारी पत्रिकांचा ढीग. एकेक उचलायची, कोपरा धरून टर्रकन फाडायची आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायची. मी गाडी काढता काढता थांबलो, कारण त्यांच्या हातातली पत्रिका माझ्या प्रेसमध्ये छापलेली होती. तो मोर मी ओळखतो. त्याची डाय, म्हणजे ठसा, तीन वेळा बदलून घेतला होता गिऱ्हाइकाने.

ताईंनी कोपरा फाडला. कागद तुटला, पण वरची फिल्म लांबत गेली आणि दोन्ही तुकडे तिला लोंबत राहिले. पत्रिका उजवीकडे गेली.

"ही बाजू कुठली?" मी विचारलं.

"फेकायची. ताणतंय ना दादा, दुकानदार घेत नाही. तुटलं तर घेतो."

माझा शनिवार पेठेत छोटा ऑफसेट प्रेस आहे. वडिलांनी ट्रेडल या जुन्या छपाईयंत्रावर सुरू केला, मी मिनी ऑफसेट मशीन आणलं. बत्तीस वर्षांत माझी एक ठाम समजूत होती की आपला धंदा स्वच्छ. प्लेट ॲल्युमिनियमच्या, त्या भंगारात वजनावर जातात. कागदाचं कात्रण रद्दीवाला पोत्यानं नेतो. कचरा म्हणून काही उरतच नाही! हे मी चारचौघांत सांगतही असे. शाई पुसलेल्या चिंध्यांचा विषय तेव्हा सोयीस्करपणे विसरत असे. त्यांचं आजही काही धड जमलेलं नाही.

त्या दिवशी प्रेसमध्ये जाऊन मी ताईंसारखंच सगळं फाडत बसलो. कारागीर एकमेकांकडे बघायला लागले. मॅट लॅमिनेशन, ग्लॉस लॅमिनेशन, वेलवेट, सगळं ताणत होतं. कागदगिरणीत रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात. कागदाचे तंतू सुटे होतात, पण लॅमिनेशनची फिल्म म्हणजे प्लास्टिक. ती पाण्यात विरघळत नाही, चाळणीत अडकते, आणि तिला चिकटलेला चांगला कागदही तिच्याबरोबर बाद होतो. केसाहून पातळ फिल्मपायी तीनशे जीएसएमचं, म्हणजे चांगलं जाड, कार्ड फुकट.

ताईंचं त्यात नुकसान कसं, ते मला नंतर कळलं. पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा उचलते. सुक्या कचऱ्यातून निवडलेला माल विकून येणारे पैसे वेचणाऱ्याचे. म्हणजे चकाकीचे पैसे मी घेत होतो आणि त्याचा दंड त्या भरत होत्या.

पहिलं काम सोपं होतं. प्रेसमध्ये चार पोती टांगली: कोरं पांढरं कात्रण, छापील कात्रण, पुठ्ठा, आणि चौथं 'ताणणारं'. आधी सगळं एकत्र जायचं आणि मिश्र रद्दीचा भाव मिळायचा. कोऱ्या पांढऱ्याला जवळजवळ दुप्पट मिळतो, हे मला बत्तीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. रद्दीवाला तरी कशाला सांगेल? मग वाड्यातल्या आणखी तीन प्रेसवाल्यांना गोळा केलं. एकट्याचं पांढरं आठवड्याला जेमतेम एक पोतं भरतं, चौघांचं मिळून टेम्पो बोलवण्याइतकं होतं. पैशाचं गणित दिसल्यावर कुणाला पर्यावरण समजवावं लागलं नाही.

पण चौथं पोतं रिकामं करायचं तर कात्री लावून उपयोग नव्हता. ते काम कोटेशन लिहितानाच करावं लागतं. पूर्वी मीच आपणहून लिहायचो, 'मॅट लॅमिनेशनसह'. आता ती ओळ गाळली. कुणी मागितलं तर देतो, पण आधी दोन नमुने पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, फाडून बघा. लोक पत्रिका फाडायला कचरतात, अशुभ वाटतं. म्हणून आता जुन्या कॅलेंडरचे तुकडे ठेवले आहेत.

पहिला दणका लगेच बसला. एका मंडळाच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ गडद निळं, पूर्ण सॉलिड, म्हणजे कडेपर्यंत नुसती शाई. मी लॅमिनेशन टाळलं, घाईत वार्निशही टाळलं, शाई पुरती वाळायच्या आत गठ्ठे बांधून पाठवले. प्रकाशनाच्या वेळी पाहुण्यांनी स्मरणिका छातीशी धरून फोटो काढला आणि पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर निळा आयत उमटला. तीनशे मुखपृष्ठं पदरमोड करून पुन्हा छापून दिली. तेव्हापासून गडद रंगाला पाण्यातलं कोटिंग, म्हणजे फिल्मऐवजी पातळ लेप, करतो आणि दोन दिवस जास्तीचे मागून घेतो. लॅमिनेशनइतकं ते टिकत नाही. घडीवर रंग तडकतो, पावसात भिजलं तर संपलं. हॉटेलच्या मेनूकार्डाला मी अजूनही लॅमिनेशनच करतो. ज्याला रोज आमटीचे हात लागणार, त्याला ते हवंच. लग्नाची पत्रिका मात्र महिनाभर जगते. तिला चिलखत कशाला?

पत्रिकेची खरी अडचण गणपतीची. वर श्रीगणेश छापलेला असतो, त्यामुळे लोकांना ती कचऱ्यात टाकवत नाही. मग ती निर्माल्यात जाते आणि खत करायच्या फुलांमध्ये प्लास्टिकची फिल्म सापडते. मी गणपती फक्त पाकिटावर घ्यायचं सुचवून पाहिलं. एका आजींनी मला असं बघितलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

ज्यांना साध्या कागदात 'काहीतरी वेगळं' हवं असतं त्यांना शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद दाखवतो. ही संस्था १९४० पासूनची. कापडाच्या सुती कात्रणांपासून तिथे कागद बनतो. खरखरीत, कडा जरा ओबडधोबड. माझ्या मशीनवर तो रुसतो, म्हणून स्क्रीन प्रिंटिंग करून घेतो. महाग पडतो, पण गेल्या हंगामात सात कामं त्यावर झाली.

तोटाही लिहितो. चार गिऱ्हाइकं समोरच्या प्रेसकडे गेली. लॅमिनेशन करून देणारा माझा शाळासोबती आहे, त्याचं माझ्याकडचं काम निम्म्यावर आलं. तो बोलला नाही काही, पण चहाचे पैसे हल्ली आपापले देतो आम्ही.

परवा ताई प्रेसवर आल्या. मी उत्साहात त्यांच्यापुढे या हंगामाच्या पत्रिका ठेवल्या. त्यांनी सवयीनं दोन-तीन टराटरा फाडल्या, "हां, ही घेतील" म्हणाल्या. मग पदरातून एक घडी घातलेला कागद काढला. पुतणीचं लग्न ठरलंय, मजकूर लिहून आणला होता.

"शंभर छापायच्यात. पण दादा, जरा चकचकीत पाहिजे हां. आमच्या घरातलं पहिलं कार्य आहे."

वर्षभर घोकलेली सगळी वाक्यं माझ्या घशाशी आली. मी कोटेशनचं पुस्तक ओढलं आणि लिहिलं: शंभर नग, आर्ट कार्ड, चार रंग, ग्लॉस लॅमिनेशनसह.