बूट काढा, मग पळा

इंग्लंडात मी राहतो त्या गावात दरवर्षी एक चॅरिटी रेस असते, आणि ती चक्क जुन्या इमारतींच्या आतून जाते. म्हणजे टाऊन हॉलच्या पुढच्या दारातून आत, जिना, मागच्या दारातून बाहेर, पुढे चर्च, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी पिवळं जॅकेट घालून जिन्यात मार्शल म्हणून उभा असतो. तर यंदा डिसेंबरात घरी रत्नागिरीला यायचं होतं म्हणून मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, आपल्याकडे करूया का? अंगठे धडाधड आले, कामाला त्यातले निम्मे आले, ते चालायचंच.

रूट सोपा वाटत होता. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं १९३१ सालचं पतितपावन मंदिर, मग चढ चढून थिबा पॅलेस. पण तिकडे चर्चमधून लोक चिखलाच्या बुटांनी पळतात, इथे देवळात बूट घालून जाणार कोण? बूट काढायचे, दर्शन घ्यायचं, परत घालायचे, लेस बांधायच्या, तोवर मागची सगळी गर्दी दारात. शेवटी एका काकूंनी निकाल दिला, "देवळाशी घड्याळ बंद करा, देवापुढे कसली रे शर्यत!" तेच केलं. पायरीपासून पायरीपर्यंतचा वेळ धरायचाच नाही, आणि खरं सांगू, मला हा नियम तिकडच्या सगळ्या नियमांपेक्षा आवडला.

पॅलेसमध्ये वस्तुसंग्रहालय आहे, त्यामुळे आतून पळायचा विषयच काढला नाही, परवानगी फक्त आवारातून फेरी मारायची घेतली. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढून हद्दपार केलं, रत्नागिरीत आणून ठेवलं, हा वाडा १९१० च्या सुमारास झाला आणि १९१६ ला तो इथेच गेला. आणि त्याच इंग्रजांच्या देशातून रेसची आयडिया घेऊन मी त्याच्या दारात, गंमतच आहे.

तिकडे सुरुवातीला शिट्टी वाजते. इथे एका आजोबांनी गाऱ्हाणं घातलं, पळणाऱ्यांचे पाय शाबूत ठेव म्हणून, आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" असा आवाज दिला की आळीतले कुत्रेच आधी पळाले. वर पोचल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत. डिसेंबर असला तरी आपल्या दमट हवेत त्या चढावर घामाच्या धारा लागतात, तिथे नुसत्या पाण्याने भागत नाही.

पैसे खेड्यांतून डायलिसिसला येणाऱ्या पेशंटच्या गाडीभाड्यासाठी होते. परदेशातल्या मित्रांनो, यात एक मेख आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या पैशातून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत, पण पासपोर्ट ब्रिटिश झाला असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही ती परदेशी देणगी, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी लागते. आमच्या मंडळाकडे ती नाही. म्हणून लंडनवाल्या दोघांचे पैसे घेतले नाहीत, त्यांना सरबताच्या टेबलावर उभं केलं.