तुम्ही विचारलंत म्हणून: वॉरियर्स मुद्दाम हरले होते का?

गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, आणि एकदा तर चक्क एका बारशात मला हे विचारून झालंय. वॉरियर्स म्हणजे आमचा इथला बास्केटबॉल संघ, अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला. "तुमचे गोल्डन स्टेट वॉरियर्स २०१९-२० मध्ये मुद्दाम हरले ना? स्टार बाहेर बसवले, लीगमध्ये तळाला गेले, ड्राफ्टमधला दुसऱ्या नंबरचा पिक घेतला आणि दोन वर्षांत परत चॅम्पियन. ह्याला कसली आलीय संघबांधणी?" (ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी नव्या खेळाडूंची संघांमध्ये होणारी वाटणी, आणि पिक म्हणजे त्यातला निवडीचा हक्क; तळाच्या संघांना आधी निवडायला मिळतं.) विचारणाऱ्यांत सॅक्रामेंटोची मंडळी जास्त, म्हणजे तिथल्या किंग्ज संघाचे चाहते. त्यांच्या संघाचे मालक विवेक रणदिवे आपल्या मुंबईचे, आणि किंग्ज घेण्याआधी ते वॉरियर्समध्येच भागीदार होते, हे मी त्यांना न विसरता ऐकवते. त्याने प्रश्न थांबत नाही ते सोडा.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. नागपूरला शाळा-कॉलेजात सिमेंटच्या कोर्टवर खेळले, नवऱ्याच्या आधी टीव्हीसमोर बसते, एवढीच माझी पात्रता. आजवर हसून चिवड्याची ताटली पुढे करत आले. आता एकदा नीट सांगते. केविन ड्युरांटसारखा स्टार आमच्याकडे कसा आला, आधीच्या तीन चॅम्पियनशिपा कशा झाल्या, हे तुम्हाला माहीत आहे; ते उगाळत नाही.

सुरुवात १३ जून २०१९ पासून करावी लागेल. टोरांटो रॅप्टर्सविरुद्ध फायनलची सहावी मॅच, आणि ओकलंडच्या ओरॅकल अरीनातली शेवटची, कारण पुढच्या सीझनला संघ खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत जाणार होता. तिकिटांचे भाव बघून आम्ही घरीच बसलो होतो. तीनच दिवस आधी, पाचव्या मॅचमध्ये, ड्युरांट गेला होता. पोटरी दुखावल्याने महिनाभर बाहेर असलेला माणूस बारा मिनिटं खेळला, अकरा पॉइंट केले आणि उजव्या पायाची आकिलिस, म्हणजे टाचेमागची शीर, तुटून बसला. संघाचा सर्वेसर्वा बॉब मायर्स त्या रात्री पत्रकारांसमोर रडला होता. दोष द्यायचाच असेल तर मला द्या, म्हणाला होता. आमच्या केव्हॉन लूनीच्या छातीच्या कुर्चेला फ्रॅक्चर, तरी तो खेळत होता. अशा अवस्थेत आम्ही पुढे होतो, आणि ते क्ले थॉम्पसनमुळे.

तिसऱ्या क्वार्टरची दोन-अडीच मिनिटं उरली असतील. क्ले बॉल घेऊन एकटा सुटला, डंकसाठी उडाला, मागून डॅनी ग्रीन आला. फाउल. क्ले खाली आला तो डाव्या पायावर, आणि गुडघा आत वळला. टीव्हीवाले तेच तेच पुन्हा दाखवतात ना, स्लो मोशनमध्ये, मी तेव्हा मान फिरवली. गुडघा असा वळला की काय होतं ते खेळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याला उठवलं, आधार देत आत न्यायला लागले, तो बोगद्यात शिरला. सगळं स्टेडियम चिडीचूप.

आता इथे एक नियम आहे. फाउल झालेला खेळाडू स्वतः फ्री थ्रो मारू शकला नाही, तर त्याच्या जागी कोण मारणार हे समोरचा कोच ठरवतो, आणि जखमी खेळाडूला त्या मॅचमध्ये परत येता येत नाही. हे कुणीतरी क्लेच्या कानावर घातलं. तो बोगद्यात वळला आणि परत चालत आला. लंगडत नव्हता, तेच अंगावर येत होतं. ओरॅकलमध्ये जो गलका झाला तो टीव्हीचा आवाज कमी असतानाही घर भरून ऐकू आला. नवरा स्वयंपाकघरातून विचारतोय, "जिंकलो का?" क्ले लाइनवर उभा राहिला, बॉल दोन-तीनदा आपटला, पहिला थ्रो आत. दुसरा आत. त्याचे तीस पॉइंट झाले. आणि मग हा पठ्ठ्या उलटा धावत बचावाला गेला! पुढच्या काही सेकंदांत मुद्दाम फाउल करून त्याला बाहेर काढावं लागलं. गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा आतून धरून ठेवणारा बंध, तुटलेला होता.

मी त्या वेळी उभी राहून टाळ्या वाजवल्या. "बस तिथेच, नको येऊस" असंही ओरडत होते, एकाच वेळी दोन्ही. त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्या माझ्यातल्या बाईला मी अजून पटवून द्यायला बघते की तुटक्या गुडघ्यावर माणसाला लाइनवर उभं करणारा नियम क्रूर आहे, आणि ती मला सांगते की गप्प बस, ते दोन थ्रो बघितलेस ना? आमचं काही जमलेलं नाही. मॅच ११४-११० अशी हरलो, फायनलही गेली.

आता मला सांगा, ह्याच माणसाला पुढच्या सीझनला "बाहेर बसवला" असं म्हणायचं?

उन्हाळ्यात काय झालं त्यात खरी बांधणी आहे, आणि ती बघायला फार मजेची नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. ड्युरांट ब्रुकलिनला निघाला. वॉरियर्सच्या पगारांची बेरीज सॅलरी कॅपच्या, म्हणजे लीगने ठरवलेल्या पगारमर्यादेच्या, कितीतरी वर होती, त्यामुळे तो नुसता निघून गेला असता तर त्याचे पैसे दुसऱ्या कुणावर खर्च करायची मुभाच नव्हती. जागा कायमची गेली असती. म्हणून त्याच्या बदल्यात ब्रुकलिनकडून डी'अँजेलो रसेलला उचललं. आमचा मुख्य स्टार स्टीफन करी, त्याच्यासारखाच बॉल हातात लागणारा गडी, ह्याचं आणि करीचं जमणार कसं, असं पहिल्या दिवसापासून सगळे म्हणत होते. अहो, नव्हतंच जमायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा तो टाकलेला रुमाल होता. पण त्या रुमालाची किंमत जबर. असा सौदा केला की संघावर पगाराची कडक मर्यादा येते, मग आमच्या जुन्या आंद्रे इग्वोडालाला मेम्फिसला पाठवावं लागलं, वर एक पहिल्या फेरीचा पिक द्यावा लागला. फायनलच्या पाचव्या मॅचला उतरलेल्या पहिल्या पाचातले खेळण्यासारखे उरले दोन, करी आणि ड्रेमंड ग्रीन.

आणि सीझन सुरू होऊन आठवडा झाला तर ३० ऑक्टोबरला फिनिक्सविरुद्ध एरन बेन्स हा धिप्पाड सेंटर करीच्या डाव्या हातावर पडला. हाड मोडलं. ह्यात "मुद्दाम" कुठे बसतं ते मला दाखवा. त्यानंतर डल्लसने १४२-९४ असा धुतला. कधी कधी गणवेशात आठ-नऊच पोरं. पण त्याच पोरांनी नाताळच्या दिवशी ह्यूस्टनला हरवलं, हार्डन-वेस्टब्रुक असलेल्या ह्यूस्टनला. दुसऱ्या फेरीतून आलेल्या एरिक पास्कलने आपल्या वाढदिवशी पोर्टलंडला चौतीस पॉइंट चोपले. हरायलाच बसलेला संघ असली उचापत करत नाही. आणि मार्चमध्ये करी परत आला! तळाला रुतलेल्या संघात, टोरांटोविरुद्धच. टँकिंग, म्हणजे मुद्दाम हरण्याचा उद्योग, करणाऱ्याने त्याला ऑक्टोबरपर्यंत कपाटात ठेवला असता. तो एक मॅच खेळला, मग त्याला फ्लू झाला, मग कोविडने लीगच थांबली. हिशेब राहिला १५ विजय, ५० पराभव. तिसातले बावीस संघ पुढे ऑर्लँडोला खेळले, आम्हाला बोलावणंसुद्धा नव्हतं.

शिवाय तळाला जाऊन मिळतं काय? ड्राफ्टमधले वरचे क्रमांक चिठ्ठ्या काढून ठरतात, ती लॉटरी. २०१९ पासून तिचा तेव्हाचा नियम असा होता की शेवटच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची शक्यता सारखीच, १४ टक्के. सगळ्यांत खाली राहिलात म्हणून फार तर पाचाच्या खाली न घसरण्याची हमी.

बरं, आता फेब्रुवारी २०२०. किंग्जवाल्यांनी इथे कान द्यावेत, कारण ह्याबद्दल मला बचाव सुचत नाही. त्या महिन्यात रसेलला मिनेसोटाला देऊन अँड्र्यू विगिन्स आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक आणला, इथवर ठीक. पण त्याच आठवड्यात ॲलेक बर्क्स आणि ग्लेन रॉबिन्सन ह्या दोघांना, म्हणजे जे त्यातल्या त्यात नीट खेळत होते त्यांना, फिलाडेल्फियाला पाठवून बदल्यात दुसऱ्या फेरीचे पिक घेतले. पगाराचा बोजा लक्झरी टॅक्सच्या, म्हणजे पगार फार वाढले की लीगला भरायच्या दंडाच्या, रेषेखाली आणायचा होता. व्यवहार म्हणून चोख. पण तिकीट काढून येणाऱ्याला त्या दिवसानंतर काय दाखवणार होतात? ह्याला टँकिंग म्हणा, आवराआवर म्हणा, उरलेला सीझन त्यांनी वाऱ्यावर सोडला हे खरं.

मग १८ नोव्हेंबर २०२०, ड्राफ्टचा दिवस. दुपारी मी ऑफिसच्या कॉलवर होते, घरून, तेव्हा सगळेच घरून. फोन थरथरला: लॉस एंजेलिसकडे सराव करताना क्लेचा पाय. दुसरा, उजवा. पहिला पाय दीड वर्ष घासून जेमतेम उभा राहिलेला, आता हा. आकिलिस तुटल्याचं दुसऱ्या दिवशी पक्कं झालं, पण त्याच संध्याकाळी मायर्सना दुसऱ्या नंबरवर नाव सांगायचं होतं. त्यांनी जेम्स वाइजमनचं सांगितलं. सात फुटी, एकोणीस वर्षांचा, कॉलेजात तीनच मॅच खेळलेला. मी आधीपासून म्हणत होते की पिक विका, करी बत्तीसचा झालाय, त्याला आत्ता तयार माणूस द्या, पाळणाघर नको. त्या दिवशी संध्याकाळी मात्र मला स्वतःलाच कळेना कशाचा हट्ट धरायचा. क्ले नाही म्हणजे हे वर्षही गेलं, मग तयार माणूस आणून करायचं काय? पण तसं म्हटलं तर करीची वर्षं कुणी परत देत नाही.

वाइजमनचा एप्रिलमध्ये गुडघा फाटला. २०२१-२२ मध्ये, म्हणजे आम्ही चॅम्पियन झालो त्या वर्षी, तो एकही मॅच खेळला नाही. एकही नाही. हरून मिळवलेलं बक्षीस म्हणतात ते हे.

जिंकलो कुणाच्या जोरावर ते बघा. करी, ड्रेमंड आणि ९ जानेवारी २०२२ ला ९४१ दिवसांनी परतलेला क्ले. (त्याच्या आधीच्या नोव्हेंबरमध्ये एका विजयानंतर तो डोक्यावर टॉवेल घेऊन बेंचवर कितीतरी वेळ एकटा बसून राहिला होता. ते दृश्य पाहून मी टीव्ही बंद केला.) विगिन्स, म्हणजे त्या रुमालाने धरलेल्या जागेवर आलेला, ज्याने फायनलमध्ये बॉस्टनच्या टेटमच्या नाकी नऊ आणले आणि पाचव्या मॅचला २६ पॉइंट, १३ रिबाउंड घेतले. लूनी, २०१५ चा तिसाव्या नंबरचा पिक, कंबरेच्या ऑपरेशनांतून उठून त्या सीझनच्या सगळ्याच्या सगळ्या १०४ मॅच खेळलेला. गॅरी पेटन, ज्याला सीझनच्या तोंडावर संघाने काढून टाकलं आणि परत घेतलं. खेळाडू म्हणून नाही जमलं तर व्हिडिओ विभागात तरी घेता का, असं तो विचारून बसला होता. कोवळा कुमिंगा मिनेसोटाच्या पिकवर आला, आमच्या पराभवांवर नाही.

राहिला जॉर्डन पूल, अठ्ठाविसाव्या नंबरचा. इथे मात्र माझा युक्तिवाद लंगडतो. पहिल्या वर्षी त्याचा तीनातला एकच शॉट जायचा, आणि तरी त्याला रोज खेळवत होते, कारण दुसरं होतंच कोण? संघ चांगला असता तर पोराला ती मिनिटं मिळाली नसती. म्हणजे पराभवातून काहीतरी आलं. त्यासाठीच हरले असं म्हणायला मी तयार नाही, पण पूल वजा करून ती फायनल जिंकली असती असंही म्हणवत नाही.

आणि पैशाचं विचारत जा ना! पगार आणि टॅक्स मिळून चॅम्पियन झालो त्या वर्षी मालकांनी ३० कोटी डॉलरांच्या वर मोजले. इंडियाना किंवा मेम्फिसला हे परवडलं नसतं. त्यांचे दोन स्टार एकदम पडते तर त्यांनी उरलेला विकून नव्याने सुरुवात केली असती. आमच्याकडे वाट बघायची ऐपत होती. हा आरोप मला मान्य आहे, आणि तोच कुणी करत नाही. हरून संघ बांधता येत असता तर सॅक्रामेंटो सोळा सीझन प्लेऑफविना राहिलं नसतं. २०१८ मध्ये त्यांच्याकडेही दुसऱ्या नंबरचा पिक होता. त्यांनी मार्विन बॅगली घेतला आणि पुढे सुपरस्टार झालेला डॉन्चिच तिसऱ्याला गेला.

वाइजमनचं पुढे काय झालं, हेही विचारा. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला डेट्रॉइटला पाठवलं, चार संघांच्या मोठ्या व्यवहारात. बदल्यात कोण आलं माहितीये? गॅरी पेटन. आदल्याच उन्हाळ्यात जास्त पैसे देऊन पोर्टलंडने नेलेला, तोच. त्याची वैद्यकीय तपासणी केली तर त्यात तो नापास झाला, दुखापत घेऊनच आला होता. तरी घेतला.